नळीतला दोर

४ मार्च

चि. मुंगीस,

तुझी ऑर्डर पोचली. वर 'मा. व्यवस्थापक यांस' असं लिहिलंयस. दुकानात माणसं दोनच, मी आणि तुझी आत्या, आणि आमच्यातला व्यवस्थापक कोण हे तीस वर्षांत ठरलेलं नाही. पाकीट तिनं फोडलं, वाचलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "घे. लेकीनं नऊ वर्षांनी कागद धाडलाय. दोरासाठी का होईना." मग आत जाऊन उगाचच साखळ्यांच्या पेट्या इकडच्या तिकडे करत बसली.

तर कामाचं बोलू. तुला हवाय नांगराचा दोर. तीन पेडी नायलॉन, सोळा मिलिमीटर जाड, साठ मीटर. खालच्या टोकाला दहा मीटर साखळी गुंफलेली. आणि बोटीच्या नाकावर जिथं दोर रोलरवर घासतो, तिथं 'दुकानाची नेहमीची रबरी नळी, दोन्ही टोकं शिवून बंद'. म्हणजे ज्या बोटीवरून तुझा दादा परत आला नाही तिच्यावर होता तो दोर, जसाच्या तसा. वाचताना माझा चहा गार झाला.

सतराला निघताय, तू आणि तुझा नवरा दोघंच, शिडाच्या बोटीनं चार महिने अनोळखी खाड्यांमधून नांगर टाकत फिरणार, हे आत्याकडून कळलं. तुझा फोन नंबर तिच्याकडे आहे. मला देत नाही. पोरीला शब्द दिलाय म्हणते. असू दे.

माझं ऐकणार असशील तर दोराच्या भानगडीत पडूच नका. सगळी साखळी घ्या. खडकावर घासली तरी तिला काही होत नाही. स्वतःच्या वजनानं तळाशी लोळत पडते, त्यामुळे नांगराला ओढ आडवी बसते, आणि आडवी ओढ बसली की नांगर रुतत जातो. साखळीत एकच खोट, ती ताणत नाही. लाट आली की हिसका थेट बोटीच्या हाडांना. त्यासाठी पुढे सहा-सात मीटर नायलॉनचा तुकडा बांधायचा, तो हिसका गिळतो. पन्नास मीटर साखळी मी काढून ठेवतो.

नळी आता मिळत नाही. बनवणाऱ्यांनी बंद केली.

सामानाची गाडी तुमच्या बंदराला आठवड्यातून दोनदा जाते. ड्रायव्हरच्या हाती उत्तर दे.

व्यवस्थापक (तूर्त)


९ मार्च

मुंगे,

उत्तर मिळालं. सहा ओळी. त्यातल्या पहिल्या तीन मला मान्य. बोट तेहतीस फुटी आणि हलकी, पन्नास मीटर साखळी तिच्या नाकात भरली तर ती डोकं खाली घालून चालेल. बरोबर आहे. लहानपणी दोराच्या तुकड्यांवर बसून शिकलीस ते फुकट गेलं नाही.

चौथी ओळ. 'नळी मिळत नाही कशी? आत्या म्हणाली माळ्यावर एक तुकडा शिल्लक आहे.' धन्य आहे माझी बहीण! घरचाच भेदी. मी तिला विचारलं, कशाला सांगितलंस? तर म्हणते, "खोटं कशाला बोलू? विचारलं, सांगितलं. तुला नळीचं एवढं काय झालंय?"

आणि शेवटच्या दोन ओळी. त्या मी इथं उतरवून काढतो, कारण परवापासून डोक्यात तेवढंच आहे. 'दोर तसाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट आहे. म्हणतात, दोर शाबूत होता, गाठ माझी सुटली. त्याच दोराला, तशाच नळीला पुन्हा गाठ मारीन, या वेळी सुटणार नाही.'

मुंगे, तुझ्या नवऱ्याचा हा काय वेडेपणा आहे? दोर निवडताना असलं काही मनात आणायचं नसतं. दोर कशाचा आणि कुठं घासणार एवढंच बघायचं. नायलॉन घ्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो ताणतो, म्हणून नांगरासाठी तोच. कुणी पॉलिस्टर सुचवेल, दिसायला देखणा, पण ताणत नाही. तो शिडं ओढायला ठेवा. आणि तो तरंगणारा प्लास्टिकचा स्वस्त दोर तर फुकट दिला तरी नको, उन्हात दोन मोसमांत त्याचा भुगा होतो. तीन पेडीऐवजी आठ पेडी विणलेला देतो. तो पीळ खात नाही, पेटीत शहाण्यासारखा बसतो. रोलरवर घासतो तिथं जाड चामडं शिवून देतो. चामडं भिजतं, भिजलेलं राहतं, दोराला पाणी मिळतं.

नळी नको. गेल्या नऊ वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला नळी लावून दिलेली नाही. मासेमारीवाल्यांना नाही, फेरीबोटवाल्यांना नाही, कुणालाच नाही. का, ते विचारू नकोस. पद्धती बदलतात.

एक सांगून टाकतो. काल आत्या बाहेर गेली तेव्हा तिच्या डायरीतून तुझा नंबर काढला आणि फोन लावला. तू म्हणालीस, "हॅलो, कोण?" मी ठेवून दिला. मागून भांड्यांचा आवाज येत होता आणि तुझा नवरा काहीतरी हसून बोलत होता. तो हसतो हे मला माहीत नव्हतं.

चामडं घे. एवढं ऐक.

बाबा


१३ मार्च, सकाळ

मुंगे,

हे पत्र मिळताच पहिलं काम. दोराचं गाठोडं उघड आणि नळी काढून टाक. उभी चीर द्यायची, चाकूचं टोक वर ठेवून, दोराला लागू न देता. दोन्ही टोकांची शिवण उसव. मग पुढचं वाच.

मी दोन दिवस नव्हतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, मोतीबिंदू पिकलाय म्हणतात. परत आलो तर काउंटर मोकळा आणि आत्या खुशीत. "पोरीचं काम केलं हो," म्हणाली. "तुझी टंगळमंगळ बघून कंटाळले. गुंफण मीच केली, नळी शिवली, परवा गाडीत घातलं." गुंफण कशी केली ते दाखवायला तिनं उरलेल्या तुकड्यावर पुन्हा करून दाखवली. सुरेख होती. मीच शिकवलेली. मी तिच्यावर इतका ओरडलो की समोरचा शिडं शिवणारा उठून बघायला आला.

आत्यानं मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा. पोरीनं मागितलं ते दिलं, त्यात मी काय पाप केलं?" मी म्हणालो, तिला फोन कर, सांग नळी काढायला. तिनं केला. समोरच केला. तू काय म्हणालीस ते मला तिच्या तोंडावरूनच कळलं, पण तिनं शब्द न् शब्द सांगितला.

"नऊ वर्षांपूर्वी बाबांनी बंदर कार्यालयात लेखी दिलंय की दोरात आणि नळीत काही दोष नव्हता. आता उलटं म्हणायचं असेल तर तेही लेखी द्यावं, कारणासकट. तोवर नळी आहे तिथंच राहील."

घे, कारण देतो. नायलॉन ताणतो आणि सैल होतो, लाटेगणिक. तारेचा तुकडा सारखा वाकवला तर कसा गरम होतो, तसा तो आतून तापतो. उघडा असेल तर वारा, पाऊस, लाटेचं पाणी त्याला गार करत राहतं. दोन्ही टोकं बंद केलेल्या नळीत पाणी जात नाही आणि ताप बाहेर येत नाही. दोन दिवस जोराचा वारा चालला तर तो आतल्या आत वितळतो. बाहेरून नळी नवीच्या नवी दिसते.

हे मी कुठंतरी वाचलं.

झालं कारण. आता काढ.

बाबा


१३ मार्च, दुपार

मुंगे,

सकाळचं पत्र अजून टेबलावरच आहे. गाडी निघायला अवकाश होता, आत्यानं ते उघडून वाचलं. तिला लाज नाही, तुला माहीतच आहे. वाचून म्हणाली, "कुठं वाचलंस?" मी फडक्यानं काउंटर पुसायला लागलो. ती म्हणाली, "तू वर्तमानपत्राच्या दोन ओळीसुद्धा वाचत नाहीस. कुठं वाचलंस ते सांग." मग ती खाली बसली, चक्क जमिनीवर, दोराच्या भेंडोळ्याला टेकून, आणि म्हणाली, "अरे देवा."

तुला लेखी हवं होतं. घे.

वादळ ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी एकटाच होडी घेऊन गेलो. बोट खडकांवर फुटून तिचं पुढचं अंग नाहीसं झालं होतं. तुझ्या नवऱ्याला लोकांनी ओढून काढलं होतं. दादा मिळाला नव्हता. (तेव्हा तो तुझा नवरा नव्हता, दादाचा मित्र होता, आणि माझ्या दुकानात येऊन तुझी चौकशी करायचा.) नांगर मात्र जागच्या जागी होता, वरचं तरंगतं पिंप त्याची खूण दाखवत होतं. मी तो ओढून वर घेतला. नांगर रुतलेला होता, साखळी ठीक होती, माझी गुंफण ठीक होती. दोर येत गेला, येत गेला, आणि शेवटी नळी आली.

नळीत बोट घातलं. आत काहीतरी कडक, गुळगुळीत लागलं. चिरून बघितलं तर तिन्ही पेड वितळून एक झालेले, मेणबत्तीच्या बुडख्यासारखे. दोर घासला नव्हता. गाठ सुटली नव्हती. गाठ बोटीबरोबर गेली, ती बिचारी शेवटपर्यंत खुंट्याला घट्ट असणार.

नळी माझी युक्ती होती. सगळ्या बंदरात त्या नळीचं कौतुक होतं. इतरांच्या नळ्या घसरतात म्हणून दोन्ही टोकं शिवून बंद करायची अक्कल माझी. दादाच्या दोराला मी दोनदा शिवण घातली होती, आपल्या पोराची बोट म्हणून.

मग मी काय केलं ते. खिशातला चाकू काढला, नळीसकट तेवढा तुकडा कापला आणि कोटाच्या खिशात घातला. राहिलेल्या टोकाला तिथंच होडीत बसून मेणाच्या दोऱ्यानं वेटाळलं, नव्या दोराला वेटाळतात तसं. चांगलं वेटाळलं. बोटीबरोबर गेलेला आणि मी कापलेला धरून दोर आठ मीटरनं कमी होता. कुणी मोजला नाही.

बंदर कार्यालयात टेबलावर दोर ठेवला. साहेबांनी टोक पाहिलं आणि म्हणाले, "हा तुटलेला नाही. म्हणजे गाठ सुटली." मी म्हणालो, "होय. दोर शाबूत आहे." सही केली.

तुझा नवरा बाहेर बाकावर बसला होता, डोक्याला पट्टी. मला बघून उठला. म्हणाला, "काका, मी गाठ तीन वेळा तपासली होती." त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "सुटली असेल. हात गारठले होते." तेव्हा मला बोलता आलं असतं. कोटाच्या खिशात तो तुकडा माझ्या बरगडीला टोचत होता. मी त्याला ओलांडून घरी आलो.

बंदरावर लोक त्याला 'सैलगाठ' म्हणायला लागले. तू त्याचा हात धरून निघालीस तेव्हा मी दारात उभा राहून काय बोललो ते तुला पाठ असेल. 'भावाला बुडवणाऱ्याबरोबर जातेस.' तू म्हणालीस, "बाबा, गाठ कुणाचीही सुटू शकते." आणि मी म्हणालो, "माझी नाही सुटत."

दुकानाच्या नावासाठी केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ते खरं नाही. माझं पोर माझ्या हातानं गेलं हे मला सोसवेना. दुसऱ्या कुणाचा तरी हात पाहिजे होता. समोर तो होता.

दुसऱ्या दिवसापासून मी बंदरातल्या प्रत्येक बोटीवर जाऊन नळ्या काढल्या. सांगितलं, माल खराब निघाला, बदलून देतो. सगळ्यांच्या काढल्या, आणि ज्याची काढायला पाहिजे होती त्याच्याच मनात ती नऊ वर्षं शिवून ठेवली. आता तू त्याच खोट्यावर भरवसा ठेवून समुद्रात चाललीस. मी कसला बाप आहे? आज मी गप्प राहिलो असतो तर दोन्ही पोरं माझ्याच शिवणीनं गेली असती.

तो तुकडा इतकी वर्षं गल्ल्याखालच्या खणात होता, तेलाच्या फडक्यात. आत्यानं तो हातात घेतला आणि इतका वेळ माझ्याकडे बघत राहिली की मला वाटलं आता मारेल. मग म्हणाली, "गाडीवर भरवसा नको. मीच नेते. तू आलास तर पोरगी तोंड फिरवेल, आणि जावई तुला बघून उभा राहील आणि पुन्हा काका म्हणेल, आणि ते मला बघवायचं नाही." म्हणून ती येतेय, परवाच्या बसनं, सोळाला पोचेल. दोन्ही पत्रं आणि तुकडा तिच्याजवळ आहे. तिच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही, धक्क्यावर उतरवून घ्या.

मी उद्या सकाळी बंदर कार्यालयात जातोय. साहेब आता दुसरे आहेत. जुना जबाब काढायला सांगतो आणि खाली नवा लिहून देतो, तुला लिहिलंय तसाच. मग दुकानाचं काय होईल ते होवो.

हे पत्र आधी त्याच्या हातात दे. तू वाचून दाखवू नकोस, त्याचं त्याला वाचू दे. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

नळी काढ, मुंगे. सतराला तशी निघू नकोस. तुझ्या पाया पडतो.

बाबा


१७ मार्च

बाबा,

आत्या काल दुपारी पोचली. तिला धक्क्यावरून बोटीवर घेताना ती अर्धी आमच्यावर आणि अर्धी पाण्यावर होती, तरी पिशवी सोडली नाही.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. पत्र त्यांच्या हातात दिलं. ते पुढे नांगराच्या खुंट्याला टेकून वाचत बसले. मी आणि आत्या मागे. आत्या इतका वेळ गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी फडकं सोडलं आणि ते टोक अंगठ्यानं चोळत राहिले. मला वाटलं पाण्यात भिरकावतील. त्यांनी पुन्हा गुंडाळलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, मागे आले आणि म्हणाले, "मी जरा पडतो."

मी दोर तसाच का मागवला त्यात काही डाव नव्हता. मी तुमच्या शब्दावर मागवला. तुमच्याशी बोलणं टाकलं होतं, पण तुमच्या दोरावरचा विश्वास टाकला नव्हता. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय. राग कुठून सुरू करायचा तेच मला अजून सुचत नाही.

नळी मी चिरली. शिवण आत्यानं उसवली, तिचीच होती. रोलरसाठी दीड मीटर चामडं पाठवा, जाड. ते स्वतः शिवतील.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. नऊ वर्षांत हा माणूस सलग दोन तास झोपलेला नाही. बोटीवर असलो की उठून खुंट्यावरची गाठ चाचपतात. घरी असलो की दाराची कडी, खिडकीची कडी, माझ्या पिशवीचे बंद. पहिल्या वर्षी मी भांडले, मग रडले, मग सवय झाली. लोकांना वाटतं त्यांना समुद्राचं वेड आहे म्हणून डोळे असे लाल.

काल चार वाजता ते आडवे झाले. आज सकाळचे दहा वाजून गेले. आमची निघायची भरती कधीच गेली. शेजारच्या बोटीवाल्यानं हाक मारली, "काय, निघायचं नाही का?" मी त्याला खुणेनं गप्प केलं. आत्या पायरीवर बसून राखण करतेय, पाखरूसुद्धा उतरू देत नाही.

त्यांचा एक हात खिशावर आहे. मी उठवलेलं नाही. कागदावर पेनाचासुद्धा आवाज होतोय असं वाटतं, म्हणून थांबते.

मुंगी